पीएचसीतला मे महिना: एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना करता येईल असं संशोधन

केर व्हाइट या अमेरिकन डॉक्टरने सहकाऱ्यांसोबत १९६१ साली एक हिशेब मांडला होता. एक हजार प्रौढ माणसं धरा. महिन्याभरात त्यांतल्या साधारण ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जणांना रुग्णालयात दाखल व्हावं लागतं, आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो एक. हे आकडे अमेरिका आणि ब्रिटनमधले, साठ वर्षांपूर्वीचे. कोकणाला ते जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण त्यातून दिसणारी गोष्ट इथेही खरी आहे. एमबीबीएसचं बहुतेक शिक्षण त्या एका माणसाच्या खाटेशेजारी होतं. आजाराचा बाकी सगळा पसारा मात्र वाडीत, उपकेंद्रात, पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) ओपीडीत, बाजारपेठेतल्या खाजगी डॉक्टरकडे आणि मेडिकलच्या काउंटरवर असतो.

या पसाऱ्याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे प्राथमिक आरोग्यसेवेतलं संशोधन. त्याला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. बीपीच्या गोळ्या सुरू केलेला माणूस सहा महिन्यांनी त्या घेतोय का? साप चावल्यापासून पहिलं इंजेक्शन मिळेपर्यंत किती वेळ जातो, आणि तो कुठे जातो? गरोदर बाईची रक्ताची तपासणी झाली, हिमोग्लोबिन कमी निघालं, मग पुढे काय झालं? असे प्रश्न मोठ्या रुग्णालयात बसून सुटत नाहीत, कारण तिथे पोहोचलेला माणूसच दिसतो. न पोहोचलेला दिसत नाही.

कोकणातल्या विद्यार्थ्यांना या बाबतीत एक उदाहरण अगदी घरचं आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, त्यातही लहान मुलं, डोळ्यांदेखत दगावत. बावस्करांनी रुग्णाजवळ बसून नाडी, बीपी, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. विंचवाच्या विषाने हृदयावर कसा ताण येतो आणि फुप्फुसात पाणी कसं होतं, हे त्या नोंदींतून उलगडत गेलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची निरीक्षणं छापून आली. पुढे प्राझोसिन ही बीपीची साधी, तोंडाने घ्यायची गोळी त्यांनी या रुग्णांना द्यायला सुरुवात केली, आणि गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून सुमारे १ टक्क्यापर्यंत खाली आलं. २०११ साली ‘बीएमजे’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा प्राझोसिन आणि विंचवाच्या प्रतिविषावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्याची सुरुवात एका ग्रामीण पीएचसीत झाली. त्यामागे अर्थात आयुष्यभराचं काम आहे, सुट्टीतल्या दोन महिन्यांचं नव्हे. पण नीट ठेवलेली नोंद हे त्याचं पहिलं पाऊल होतं, आणि ते पाऊल दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही टाकता येतं.

संधी कुठे आहेत

सगळ्यांत ओळखीची वाट म्हणजे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, आपण जिला नुसतं ‘एसटीएस’ म्हणतो. ही योजना १९७९ पासून चालू आहे. विद्यार्थ्याने आपल्याच कॉलेजातल्या एखाद्या शिक्षकाला गाइड म्हणून घ्यायचं, प्रपोजल ऑनलाइन भरायचं, निवड झाली की दोन महिन्यांत अभ्यास पूर्ण करून अहवाल पाठवायचा. अहवाल मंजूर झाला की प्रमाणपत्र आणि छात्रवृत्ती मिळते. अलीकडच्या वर्षांत ती दोन महिन्यांची मिळून ५०,००० रुपये आहे. पैसे शेवटी मिळतात, त्यामुळे गावोगाव फिरायचा एसटीचा खर्च आधी खिशातून करावा लागतो. घरची परिस्थिती बेताची असेल तर गाइडशी हे आधीच बोलून घ्या, त्यात संकोच करू नका. अर्जाच्या तारखा दर वर्षी बदलतात, त्या आयसीएमआरच्या संकेतस्थळावरच बघाव्यात. सीनियरने सांगितलेल्या तारखेवर विसंबून राहू नये.

दुसरी वाट बहुतेकांच्या हातात आधीपासूनच आहे, पण तिच्याकडे संशोधन म्हणून कोणी बघत नाही. २०२१-२२ च्या बॅचपासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम आला. प्रत्येक विद्यार्थ्याकडे एका गावातली काही घरं असतात आणि त्या घरांत वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा जायचं असतं. माझ्या मते ही फार मोठी ठेव आहे. एकाच घराची पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षातली नोंद हाती असणं, हे अनेक अनुभवी संशोधकांच्याही नशिबात नसतं. वर्गातल्या दहा-बारा जणांनी मिळून एकाच पद्धतीने नोंदी ठेवल्या तर त्यातून खरोखरचा अभ्यास उभा राहतो. मात्र ते आधी ठरवावं लागतं. ज्याने त्याने मनाला येईल तसं लिहिलेल्या वह्या नंतर जोडता येत नाहीत.

परदेशात, विशेषतः ब्रिटनमध्ये, विद्यापीठांचे प्राथमिक आरोग्यसेवा विभाग विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात काही आठवड्यांच्या इंटर्नशिप देतात. आपल्याकडे ही जागा कॉलेजच्या पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागाने घ्यायची आहे. कोकणात आता ते अवघड राहिलेलं नाही. डेरवणला वालावलकर कॉलेज आहे, पडव्याला कॉलेज आहे, आणि अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्गात शासकीय मेडिकल कॉलेजं सुरू झाली आहेत. डेरवणच्या रुग्णालयाने तर आसपासच्या गावांतल्या किशोरवयीन मुलींचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारा अभ्यास उभा केला आहे. गावात राहून उत्तम संशोधन होतं हे शोधायला पुण्या-मुंबईला जायची गरज नाही.

प्रश्न लहान करा, आणखी लहान करा

विद्यार्थी पहिल्यांदा येतात तेव्हा विषय असा असतो: ‘रत्नागिरी जिल्ह्यातील उच्च रक्तदाबाचा अभ्यास’. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा असतो: अमुक पीएचसीच्या दोन उपकेंद्रांत गेल्या वर्षी नोंद झालेल्या बीपीच्या रुग्णांपैकी किती जणांचं बीपी आता १४०/९० च्या खाली आहे, आणि जे औषध न्यायला येत नाहीत ते का येत नाहीत? यात जागा ठरली, माणसं ठरली, काळ ठरला, आणि काय मोजायचं तेही ठरलं. दोन महिन्यांत एवढंच होतं, आणि एवढं नीट झालं तर पुष्कळ आहे.

हेच उदाहरण पुढे नेऊ, कारण प्राथमिक आरोग्यसेवेतल्या संशोधनाचं मर्म यात सापडतं. बीपीचे रुग्ण नोंदवून, ठरलेली औषधं देऊन पाठपुरावा करण्याचा देशव्यापी उपक्रम २०१७ च्या सुमारास सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत सिंधुदुर्गही होता. त्यामुळे कोकणातल्या उपकेंद्रांत रुग्णांच्या नोंदी असतात आणि त्या कशा ठेवायच्या याची कर्मचाऱ्यांना सवय असते.

आता समजा, एका उपकेंद्राच्या यादीत २०० नावं आहेत. गेल्या तीन महिन्यांत त्यांतले ९० जण तपासणीला आले. त्या ९० पैकी ६० जणांचं बीपी आटोक्यात निघालं. तर नियंत्रणाचं प्रमाण किती? ९० पैकी ६० धरले तर ६७ टक्के, म्हणजे छान चाललंय. २०० पैकी ६० धरले तर ३० टक्के, म्हणजे चिंता करायला हवी. दोन्ही आकडे खरे आहेत. फरक छेदात आहे. वर काय मोजलं याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, खाली कोणाला मोजलं याकडे नसतं. आणि प्राथमिक आरोग्यसेवेतला प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न त्या खालच्या आकड्यात दडलेला असतो.

न आलेले ११० जण कोण आहेत? काही खाजगी डॉक्टरकडून औषध घेत असतील आणि त्यांचं बीपी उत्तम असेल. काही म्हातारी माणसं मुलाकडे मुंबईला, नालासोपाऱ्याला किंवा डोंबिवलीला गेली असतील. काही वारली असतील आणि नाव यादीत तसंच राहिलं असेल. कोणाला ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी बंद करावीशी वाटली असेल. कोणाला सड्यावरच्या वाडीतून खाली उतरून पुन्हा चढायचं जिवावर येत असेल. कोणी बोटीवर खलाशी असेल आणि उपकेंद्र उघडं असतं तेव्हा तो समुद्रात असेल. या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. नुसतं ‘५५ टक्के रुग्ण अनियमित’ असं लिहून अहवाल संपवला, तर पीएचसीच्या डॉक्टरला त्यातून हातात काहीच मिळत नाही. त्या ११० जणांपैकी जमतील तेवढ्यांच्या घरी जाऊन, कोण कोणत्या गटातला हे शोधलं, तर तोच विद्यार्थ्याचा अभ्यास त्या पीएचसीच्या कामाची दिशा बदलू शकतो. मला स्वतःला असा अभ्यास कोणत्याही भारदस्त नावाच्या प्रबंधापेक्षा मोलाचा वाटतो.

किती जणांना भेटायचं, हा प्रश्न पीएसएमच्या प्रत्येक व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) येतो आणि बहुतेक जण सूत्र पाठ करून जातात. सूत्र सोपं आहे: चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डीचा वर्ग. पी म्हणजे आपल्याला अंदाजे अपेक्षित असलेली टक्केवारी, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा केल्यावर उरतं ते, आणि डी म्हणजे आपण किती चूक चालवून घेऊ ते. अंदाज ४० टक्के असेल आणि दोन्ही बाजूंना ५ टक्क्यांची चूक चालणार असेल, तर ४ × ४० × ६० ÷ २५, म्हणजे ३८४ माणसं. १० टक्के चूक चालवून घेतली तर ९६. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. त्यामुळे आधी स्वतःला विचारायचं, की उत्तर ३५ आहे की ४५ यावरून पीएचसीचा निर्णय बदलणार आहे का? बदलणार नसेल तर ९६ माणसांना नीट भेटणं हे ३८४ जणांचे फॉर्म घाईने भरण्यापेक्षा चांगलं. आणि यादीतच २०० नावं असतील तर हिशेबात अडकू नका. शक्य असेल तर सगळ्यांनाच गाठा.

कोकणातला मे

अभ्यास कधी करतो यावर तो कोणाचा होतो हे ठरतं. मे महिन्यात चाकरमानी गावाला आलेले असतात, घरं भरलेली असतात, लग्नं असतात, आंब्याच्या पेट्या भरायची घाई असते. या दिवसांत घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत मुंबईकरही मिसळले जातील. त्यामुळे ‘या घरात गेले सहा महिने राहणारी माणसं’ अशी अट आधीच लिहून ठेवावी लागते. सकाळी गेलात तर बागेत कामाला गेलेली माणसं भेटत नाहीत. मग तुमच्या अभ्यासात घरी असलेल्या म्हाताऱ्यांचीच गर्दी होते. आशा ताईंना विचारून वेळ ठरवली तर हे टळतं. कोणत्या वाडीत संध्याकाळी जावं आणि कुठे बाजाराच्या दिवशी जाऊ नये, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

मच्छीमार वस्तीतला अभ्यास मे महिन्यात धरला तर खलाशी भेटणार नाहीत, कारण पावसाळी मासेमारीबंदी जूनच्या सुरुवातीला लागते आणि तोपर्यंत बोटी समुद्रात असतात. बंदी लागल्यावर स्थानिक माणसं घरी असतात. पण बोटींवरचे नेपाळहून आणि कर्नाटकातून आलेले अनेक खलाशी तेव्हा आपापल्या गावी निघून जातात. आंब्याच्या बागांतल्या नेपाळी राखणदारांचंही असंच आहे. ही माणसं कोकणात कित्येक महिने राहतात आणि पीएचसीच्या कुठल्याच यादीत नसतात. त्यांना ताप आला, बीपी वाढलं तर ती कुठे जातात, हा फार थोड्यांनी हात घातलेला प्रश्न आहे.

लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप, कोकणात नेहमीचा. पण तो भातलावणीच्या आणि पावसाच्या दिवसांत वाढतो, म्हणून मे महिन्यात रुग्ण मोजायला गेलात तर हाती काही लागणार नाही. मे महिना आहे तो आधीचे प्रश्न विचारण्याचा: लावणीला उतरणाऱ्यांना आठवड्याला एकदा घ्यायच्या प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिनच्या गोळीबद्दल माहिती आहे का? गेल्या वर्षी ती मिळाली का, आणि मिळाली तर घेतली का? दोडामार्ग, सावंतवाडीकडे माकडतापाचं, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या तापाचं, उलटं आहे. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ दिसली, आणि त्याचा हंगाम नेमका काजूच्या हंगामाशी, म्हणजे उन्हाळ्याशी, जुळतो. तिथे गोचीड दूर ठेवणारं तेल लोक लावतात का, न लावण्याची कारणं काय, हा विद्यार्थ्याला झेपणारा प्रश्न आहे. रक्ताचे नमुने गोळा करायच्या फंदात पडू नका. ते धोक्याचं आणि खास प्रयोगशाळांचं काम आहे.

परवानगी, संमती आणि बीपीचं यंत्र

एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, मंजुरी मिळाल्याशिवाय एकही फॉर्म भरायचा नाही. नुसती रजिस्टरं बघायची असली तरी प्रस्ताव कमिटीपुढे ठेवायचा. पूर्ण तपासणी लागेल की लवकर निकाली काढता येईल हे कमिटी ठरवते, आपण नाही. दुसरं पत्र लागतं ते जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचं, कारण पीएचसी आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात. ग्रामीण रुग्णालयात काम करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जावं लागतं. दोन वेगळी कार्यालयं आहेत, आणि चुकीच्या टेबलावर अर्ज देऊन सुट्टी वाया गेल्याची उदाहरणं प्रत्येक कॉलेजात सापडतील.

संमतीपत्र मराठीत असतं, पण तेवढ्याने भागत नाही. ते वाचून दाखवताना समोरच्याला कळेल अशा बोलीत सांगायला हवं. ‘नाही म्हटलंत तरी तुमच्या गोळ्या चालूच राहतील’ हे वाक्य तर स्पष्टपणे आणि आधी सांगावं, कारण पीएचसीच्या माणसासोबत आलेल्या पांढऱ्या कोटाला नाही म्हणायला गावात धीर लागतो. वाचता न येणाऱ्यासाठी साक्षीदार असावा, आणि तो पीएचसीचा कर्मचारी नसावा. नाव काढून टाकलं की माणूस ओळखू येत नाही, हाही गैरसमज आहे. ‘५८ वर्षं, पुरुष, बोटमालक, अमुक वाडी’ एवढं लिहिलं की त्या गावातलं शेंबडं पोर सांगेल कोण ते. अहवालात वाडीचं नाव गाळा, वयाचे गट करा.

बीपी मोजणं सगळ्यांना येतं असं आपण धरून चालतो. पाखाडी चढून आलेल्या माणसाचं बीपी लगेच घेतलं तर ते चढाचं बीपी असतं, माणसाचं नव्हे. पाच मिनिटं शांत बसवा. पाठीला आधार, पाय जमिनीला टेकलेले, हात हृदयाच्या पातळीला, बोलणं बंद. दोनदा मोजा. रजिस्टरमधल्या जुन्या नोंदी वापरणार असाल तर शेवटचा आकडा बघा. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे शून्यावर संपणाऱ्या नोंदी साधारण पाचांत एक असायला हव्यात. जवळजवळ सगळ्याच १३०, १४०, १५० अशा दिसल्या तर आकडे गोल केलेले आहेत. त्या नोंदी फेकून द्यायच्या नाहीत, पण त्यांच्या आधारे १३८ आणि १४० मधला फरक सांगायचा नाही. आणि हे लिहिताना सिस्टरला दोष द्यायचा नाही. एका सकाळी लसीकरण, बाळंतपणाची नोंद आणि बीपीची रांग सांभाळणारी बाई तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त काम करत असते. तिच्या सहकार्याशिवाय तुमचा अभ्यास पहिल्या आठवड्यातच थांबेल.

प्रश्नावली तयार झाली की ती आधी दहा माणसांवर करून बघावी, आणि ही दहा माणसं अभ्यासातली नसावीत. ‘तुम्ही औषध नियमित घेता का?’ या प्रश्नाला जवळपास सगळे हो म्हणतात. ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस गोळी राहिली?’ असं विचारलं की उत्तर बदलतं. माहिती भरायला एक्सेल पुरतं, आणि विश्लेषणाला जामोवी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. टक्केवारी आणि तिच्या दोन्ही बाजूंची मर्यादा सांगितली तरी विद्यार्थ्याच्या अभ्यासाचं काम होतं. न समजलेल्या चाचण्यांची रांग लावू नका.

मे महिन्यात काम करायचं तर दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरुवात करायला हवी. डिसेंबरात पीएचसीच्या एमओंना, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यांना, भेटून त्यांना स्वतःला कोणता प्रश्न छळतोय ते विचारा. जानेवारीत गाइडसोबत प्रपोजल लिहा. एथिक्स कमिटीची बैठक दर महिन्याला होतेच असं नाही, तेव्हा तिची तारीख विचारून घ्या. मार्चपर्यंत जिल्हा परिषदेचं पत्र हातात असावं. एप्रिलमध्ये प्रश्नावली करून बघा, मे महिन्यात फिरा, आणि पाऊस लागेपर्यंत माहिती भरून संपवा. निघण्यापूर्वी एमओंकडून आशांच्या पुढच्या मासिक सभेची तारीख घ्या आणि त्या दिवशी परत या. दहा मिनिटं, मराठीत, एका पानावर: किती जणांना भेटलो, किती जणांचं बीपी आटोक्यात आहे, न येणारे कुठे आहेत. ते पान पीएचसीच्या फळ्यावर लावायला द्या. आयसीएमआरला जाणारा अहवाल त्यानंतर लिहिला तरी चालतो.